न उघडलेला लेमन सेट

लग्नात आलेला प्रत्येक आहेर उघडून बघावा, असा एखादा शासन निर्णय निघायला हवा होता. निघाला असता तर मी तो पाळला असता. नांदेडला पाटबंधाऱ्याच्या एका ऑफिसात मी वरिष्ठ सहायक आहे. आलेला लखोटा आधी उघडायचा आणि मग त्याचं काही करायचं की नाही ते ठरवायचं, ही सवय माझ्या अंगात मुरली आहे. घरात मात्र मी ती पाळली नाही. त्यामुळे मागच्या आठवड्यात माझं वजन साडेतीन किलोंनी उतरलं. कारण काय, तर एक लेमन सेट. म्हणजे एक काचेचा जग आणि सहा पेले.

मंगळवारी संध्याकाळी टीव्हीवर आनंदराजची मुलाखत होती. आनंदराज म्हणजे तोच दिग्दर्शक, ज्याच्या पिक्चरला पहिल्या आठवड्यात तिकीट मिळत नाही. मी त्याला ओळखतो तो मात्र लातूरच्या तंत्रनिकेतनातला, माझ्याच खोलीत राहून माझाच टॉवेल वापरणारा. सत्त्याण्णव साली त्यानं लग्नाची शूटिंग करणाऱ्या एका माणसाचा कॅमेरा दोन दिवस मागून आणला आणि एक छोटी विनोदी फिल्म काढली. नाव 'उसना कोट'. मुलगी बघायला निघालेला एकजण चौघांकडून चार कपडे उसने आणतो आणि मुलीच्या घरी नेमके ते चौघं हजर असतात, अशी गोष्ट. तो कपडे उसने आणणारा मी होतो. हे मी ऑफिसात सांगत नाही, हाताखालची माणसं बिघडतात. पुढं त्या फिल्मची कापाकापी-जोडाजोडी होऊन ती पुरी झाली की नाही, मला कळलं नाही. परीक्षा आली, नोकरी लागली, लग्न झालं. अलीकडे पेपरात यायचं, की आनंदराजची पहिली विनोदी फिल्म हरवली आहे आणि अभ्यासक ती शोधत आहेत. मला त्या अभ्यासकांची कीव यायची.

मुलाखत घेणाऱ्या बाईंनीही नेमकं तेच विचारलं. आनंदराज हसून म्हणाला, "हरवली कुठं? तिची एकच कॅसेट होती. ती मी माझा मित्र दयानंद याला त्याच्या लग्नात भेट दिली. नांदेडला सुखरूप आहे. पाहुणे आले की तो माणूस अजून पहिल्यांदा तीच काढतो."

माझा घास हातातच राहिला. माझ्या बायकोनं, वर्षाराणीनं, टीव्हीचा आवाज बंद केला.

"अहो, आनंदराज भावजींनी लग्नात काय दिलं होतं?"

"लेमन सेट," मी म्हणालो.

"डब्यात बघितलं होतं का तुम्ही?"

"तू बघितलं होतं का?"

दोघांनीही बघितलं नव्हतं. नव्व्याण्णव साल हे लेमन सेटचं साल होतं. आमच्या लग्नात चार आले; कागद न काढताही डब्याच्या आकारावरून ते कळायचं. एक उघडला, बाकीचे तीन वेळ येईल तसे पुढं गेले. आमच्याकडे ह्यात गैर काही नाही. गैर आहे ते उघडून देणं. म्हणून वरचा कागदही कोणी काढत नाही. कागद काढला की डब्याचं साल निघतं आणि घेणाऱ्याला कळतं. जुन्या कागदावर नवा कागद चिकटवायचा, वर आपल्या नावाची चिठ्ठी लावायची आणि ताठ मानेनं मांडवात जायचं.

आणि मग मला तो फोन आठवला. लग्नानंतर आठ-दहा दिवसांनी आनंदराजनं लातूरहून ऑफिसात फोन केला होता. समोर साहेब बसलेले, त्यामुळे मी घाईत होतो.

"भेट बघितलीस का?" त्यानं विचारलं होतं.

"बघितली की."

"खरं सांग, कशी वाटली?"

"एक नंबर. पाहुणे आले की पहिल्यांदा तीच काढतो."

"काय म्हणतोस! मग मुंबईला जाऊ म्हणतोस?"

"जा की! जा, जा," असं म्हणून मी फोन ठेवला होता. सरबताचा आणि मुंबईचा काय संबंध, असा विचारही माझ्या मनात आला नाही, कारण साहेबांना टिपणी हवी होती. त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी तो फोनवर विचारायचा, "दया, अजून काढतोस ना रे?" आणि मी म्हणायचो, "काढतो की." मला वाटायचं, मोठा माणूस झाला तरी दिलेल्या वस्तूची किती चौकशी करतो.

बुधवारी सकाळी त्याचा फोन आलाच. रविवारी लातूरला त्याचा सत्कार होता. "कॅसेट घेऊन ये. तिथंच दाखवू," तो म्हणाला. मी "आणतो की" म्हणालो. खोटं बोलताना माझा आवाज फार स्वच्छ निघतो. मग तो म्हणाला, "तुला कधी बोललो न्हाई, दया. मुंबईत पहिली सात वर्षं मला कुणी दारात उभं केलं न्हाई. खोलीवर पडून मी येवढंच आठवायचो, की नांदेडात एक घर हाय, जिथं माझं काम रोज बघतात. त्या जोरावर राहिलो."

फोन ठेवल्यावर मी पलंगावर बसलो आणि बराच वेळ उठलोच नाही. कॅसेट हरवली असती तर माफी मागता आली असती. पण ह्या माणसाची सात वर्षं माझ्या एका थापेवर उभी होती, आणि रविवारी पाच वाजता ती थाप भर सभागृहात उघडी पडणार होती. मला खरोखर भीती वाटली. तेव्हापासून माझं जेवण सुटलं.

शेजारचे व्यंकटराव सेवानिवृत्त आहेत, त्यामुळे त्यांना आमच्या घरातलं सगळं आमच्या आधी कळतं. ते चहाला आले आणि म्हणाले, "पोलिसात द्या." मी म्हणालो, "काय सांगू? वस्तू कधी हरवली, माहीत नाही. कुठं, माहीत नाही. कशी दिसते, बघितली नाही." त्यावर ते म्हणाले, "मग कामून टेन्शन घेऊन राहिलात? कोणाची बी जुनी कॅसेट न्या. सव्वीस वर्षांनी त्यात मुंग्याच दिसणार. कोण वळखतंय?" मी त्यांना वैतागून उत्तर दिलं, पण खरं सांगायचं तर अर्धा तास मी कपाटात जुनी कॅसेट शोधली. आमच्या लग्नाची सापडली. तीत मुंग्या कमी आणि व्याही जास्त होते.

तेवढ्यात मोबाईलवर सत्कार समितीचं पत्र आलं. सचिव भीमाशंकरराव हे महसूल खात्यातून निवृत्त झालेले. पत्राचा विषय होता, 'फिल्मची मूळ प्रत व दोन साक्षांकित प्रती शनिवारपर्यंत सादर करणेबाबत.' खाली टीप होती की मुदतीत सादर न केल्यास होणाऱ्या परिणामास आपण जबाबदार राहाल. हे वाक्य मी स्वतः लोकांना हजारदा लिहिलं आहे. ते आपल्याला आलं की कसं लागतं, हे मला त्या दिवशी कळलं.

रजेच्या अर्जात मी 'घरगुती अडचण' लिहिलं. साहेबांनी विचारलं, "काय अडचण? नीट लिहा." मी 'मौल्यवान वस्तूचा शोध' लिहिलं. "कोणती वस्तू?" मी शेवटी लिहिलं, 'लेमन सेट.' साहेबांनी सही केली, पण तेव्हापासून ते माझ्याशी हळू आवाजात बोलतात.

वर्षाराणीला पाव किलो साखर कुठं ठेवली ते आठवत नाही, पण कोणाच्या लग्नात कोणाला काय दिलं हे पक्कं आठवतं. तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, "कोपऱ्याला पोचा पडलेला डबा. मांडवात त्याच्यावर सतरंजी पडली होती. तो आपण लोह्याच्या मामांना दिला, त्यांच्या मोठ्याच्या लग्नात."

"मग मामांना फोन करू."

"अन् काय विचारणार? आम्ही दिलेल्या डब्यात आमच्या मित्राची कॅसेट राहिली का? म्हणजे आपण दुसऱ्याचा आहेर खपवला, हे आपल्याच तोंडानं सांगायचं? मामी माझी सात पिढ्यांत बदनामी करतील."

तिचं बरोबर होतं. शेवटी तिनंच बहाणा काढला. आनंदराजच्या सत्काराचं आमंत्रण द्यायला आलो, असं सांगायचं आणि गोड बोलून डब्याचा पत्ता काढायचा. हा बहाणा पुढं कुठं जाणार आहे, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

गुरुवारी आम्ही लोह्याला गेलो. अण्णाराव मामा ओसरीवर बसले होते. मी आमंत्रण दिलं, हवापाण्याचं बोललो आणि मग सहज विचारावं तसं विचारलं, "मामा, आम्ही तो लेमन सेट दिला होता बघा."

"हाय की!" मामा म्हणाले. "दररोज वापरून राहिलो. आवं, जावयांला त्यातच सरबत आण!"

आतून तुळजाबाई मामींनी सरबत आणलं. पेल्यांवर मोर होते आणि तळाशी एका बँकेचं नाव होतं. मामा म्हणाले, "ह्योच तो. काच बघा कशी हाय." मी काच बघितली. चांगली आहे म्हणालो. सव्वीस वर्षांपूर्वी मी फोनवर जे बोललो होतो, तेच मला आता पाजलं जात होतं, आणि मला ते मुकाट्यानं प्यावं लागलं.

खरी माहिती स्वयंपाकघरात मिळते. पुरुष ओसरीवर इज्जत सांभाळत बसतात आणि बायका आत चुलीपाशी सगळं सांगून मोकळ्या होतात. अर्ध्या तासानं वर्षाराणी बाहेर आली आणि बसस्टँडवर माझ्या कानात म्हणाली, "मामींनी तो मुदखेडच्या बहिणीला दिला, वास्तुशांतीत. आईची आण घातलीय, मामांना कळू द्यायचं न्हाई." मामा-मामींनी मात्र रविवारी लातूरला यायचं कबूल केलं होतं.

मुदखेडच्या केवळाबाई मावशी आणि त्यांचे यजमान अर्जुनराव. अर्जुनराव रेल्वेतून निवृत्त झाले असले तरी घड्याळ बघून बोलतात. शुक्रवारी मी लेमन सेटचं नाव काढताच ते म्हणाले, "तुळजाताईनं दिलेला? कपाटात हाय. जीवापल्याड जपलाय. किल्ली तेवढी पोरगा घेऊन गेलाय, पुण्याला." आतून वर्षाराणी वेगळीच खबर घेऊन आली. अर्जुनरावांची नोकरी इस्लापूरकडं होती, तेव्हा त्यांच्या मुलाला शिवलिंग गुरुजींनी शिकवलं. गुरुजी रिटायर झाले, तेव्हा डबा त्यांना गेला. पुन्हा आण, ह्या खेपेला मुलाची. आणि हे दोघंही लातूरला यायला तयार.

शनिवारी इस्लापूर. गाडीत मला दरदरून घाम येत होता. वर्षाराणी म्हणाली, "जेवा तरी काही." मी म्हणालो, "रविवारनंतर." शिवलिंग गुरुजी म्हणजे देवमाणूस. पण सहस्रकुंडाचा धबधबा दाखवल्याशिवाय ते पाहुण्याशी कामाचं बोलत नाहीत. तास-दीड तास मी पाण्याकडं बघत उभा राहिलो. गुरुजी पाण्याच्या आवाजावर ओरडून धबधब्याची माहिती देत होते आणि मी ओरडून "लेमन सेट!" म्हणत होतो. परत आल्यावर मात्र त्यांनी एका वाक्यात सांगितलं, कारण ते शिक्षक होते आणि त्यांना खोटं बोलता येत नव्हतं.

"लेकीला दिला. उमादेवीला, लातूरला, तिच्या घरभरणीत. जरा जडच होता बघा. हलवला की आत टकटक वाजायचं."

टकटक! काच खणखणते, टकटक करते ती कॅसेट. मी गुरुजींच्या पायाच पडलो. ते म्हणाले, "असू द्या, असू द्या. तुम्ही वळखत असाल की आमच्या जावयाला. भीमाशंकरराव. उद्याच्या सत्काराचे सचिव तेच तर हायेत."

म्हणजे ज्या घरातून मला प्रती सादर करण्याची नोटीस आली, त्याच घरात मूळ प्रत पडली होती. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

रविवारी सकाळी आम्ही क्रूझर गाडीनं निघालो. इस्लापूरहून रात्रीच मुक्कामाला आलेले गुरुजी, मुदखेडचे मावशी-काका, वाटेत लोह्याला मामा-मामी. ज्या-ज्या घरांनी तो डबा पुढं ढकलला होता, ती सगळी घरं एका गाडीत बसून लातूरला निघाली होती आणि एकमेकांना चिवडा देत होती. तुळजाबाई मामी केवळाबाई मावशींना म्हणाल्या, "माझा लेमन सेट कसा हाय?" मावशी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मस्त हाय." त्यानंतर चिवडा अहमदपूरपर्यंत पुढं सरकला नाही.

लातूरला उमादेवींचं घर गाठेपर्यंत तीन वाजले. मी दारातच विचारलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, माझ्यामागं उभ्या असलेल्या आपल्या वडिलांकडं बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"बाबांनी दिलेला? हाय की, माळ्यावर. पण आत्ता शिडी न्हाई. कार्यक्रम झाल्यावर काढते."

"आत्ताच काढा, ताई. मी टेबलावर चढतो," मी म्हणालो.

"कशाला उगं तकलीफ. धूळ लई हाय." असं म्हणत त्यांनी आम्हाला घराबाहेर काढून कुलूप लावलं. आण घेणं आता वर्षाराणीच्या सवयीचं झालं होतं. रिक्षात ती उमादेवींच्या शेजारी बसली आणि सभागृहाच्या पायऱ्यांवर तिनं मला गाठलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"समितीचं स्मृतिचिन्ह सकाळी टेम्पोतून पडून फुटलं. ऐन वेळी काय द्यायचं म्हणून उमाताईंनी माळ्यावरचा डबा कागद लावून दिला. तो स्टेजवर हाय."

सभागृहात दोनशे माणसं होती. स्टेजवर मधोमध टेबल, टेबलावर शाल, नारळ आणि चंदेरी कागदातला एक डबा. मी पहिल्या रांगेत बसलो. डब्याचा डावा कोपरा आत गेलेला होता. सहा कागदांखालूनही तो पोचा दिसत होता.

आमच्याकडे सत्कारात दिलेली वस्तू कोणी स्टेजवर उघडत नाही. ते हावरटपणाचं समजतात. म्हणजे डबा आनंदराजच्या गाडीत जाणार, तिथून मुंबईला, आणि तिथून कोणाच्या लग्नात, कोण जाणे. बाजूलाच एका शूटिंगवाल्यानं कुठून तरी पैदा केलेला जुना व्हीसीआर वायरी जोडून तयार होता. भीमाशंकरराव माझ्याकडं बघून मनगटावरचं घड्याळ दाखवत होते.

आनंदराजला शाल घातली, नारळ दिला, डबा दिला. टाळ्या झाल्या. मग तो माईकपाशी आला. केस पिकले होते, पण हसणं तेच होतं. माझं नाव घेऊन तो म्हणाला, "हा सत्कार माझा न्हाई. माझं पहिलं काम ज्यानं सव्वीस वर्षं जपलं, त्याचा हाय. दया, वर ये." मी वर गेलो. आणि त्यानं समोरच्या टेबलावरचा तो चंदेरी डबा, न उघडता, माझ्या हातात दिला.

सभागृहात टाळ्या वाजत होत्या आणि माझ्या हातात टकटक वाजत होतं.

"दोन मिनिटं," मी माईकमध्ये म्हणालो. "कॅसेट... सामानात आहे." आणि मी डबा घेऊन स्टेजच्या मागं पळालो.

मागच्या खोलीत वर्षाराणी आधीच पोचली होती. तिनं चंदेरी कागद फाडला. आत गुलाबी कागद, 'उमादेवीस, बाबांकडून.' मागं दार वाजलं आणि स्वतः उमादेवी आल्या. चंदेरी कागद उचलून पदराखाली घालून निघून गेल्या. गुलाबीखाली निळा, त्यावर मुदखेडची चिठ्ठी. केवळाबाई मावशी कधी आल्या कळलंच नाही, पण निळा कागद त्यांच्याबरोबर गेला. पिवळ्या कागदाला तुळजाबाई मामी दारातच उभ्या होत्या. "मला फकस्त पाणी प्यायचं व्हतं," त्या म्हणाल्या आणि कागद घेऊन गेल्या. त्याखालचा हिरवा आमचा होता. तो वर्षाराणीनं घडी घालून पर्समध्ये टाकला. जाताना म्हणाली, "कागद अजून चांगला हाय." सगळ्यांत खाली वर्तमानपत्राचा कागद. तेव्हा आनंदराजकडं गिफ्ट पेपरलाही काही नव्हतं.

डबा उघडला. जग मधोमध, सहा पेले भोवती, आणि जगाच्या पोटात पुठ्ठ्यात गुंडाळलेली कॅसेट. पुठ्ठ्याला एक चिठ्ठी. मी ती उभ्या-उभ्या वाचली.

'दया, पहिलं काम आहे. अप्पा म्हणतात किराणा दुकानावर बस. मी म्हणतो मुंबईला जातो. तू कधी खोटं बोलत नाहीस, म्हणून तुला देतोय. बघ आणि स्पष्ट सांग. बरं नसेल तर नाही म्हण. मी दुकानावर बसतो. आनंद्या.'

ती चिठ्ठी मी खिशात ठेवली.  कॅसेट सापडली होती, लाज राखली गेली होती, आणि तरी मला आता पहिल्यापेक्षा जास्त भीती वाटत होती. मी बाहेर आलो आणि कॅसेट शूटिंगवाल्याच्या हातात दिली. भीमाशंकररावांनी सगळ्यांसमोर तिची पोच मला लिहून दिली. दिवे मालवले. आनंदराज माझ्या शेजारी येऊन बसला.

'उसना कोट' सुरू झाली.

मी ऑफिसात राहून पुष्कळ वाईट गोष्टी शांतपणे बघितल्या आहेत. पण ही फिल्म फार वाईट होती. पहिली चार मिनिटं एक दार दिसत होतं. ते उघडेल असं वाटायचं, उघडायचं नाही. मग माझे बूट. मग मी. माझे ओठ आधी हलायचे आणि आवाज मागून यायचा. प्रत्येक वाक्यानंतर मी कॅमेऱ्याकडं बघून "आता?" असं विचारायचो आणि तेही फिल्ममध्ये राहिलं होतं. दोनशे माणसं गप्प बसली होती. फक्त अण्णाराव मामा एकदा हसले, तेही शॉटमध्ये कुत्रं आलं म्हणून.

दहा मिनिटांनी आनंदराज माझ्याकडं वाकला. त्याच्या आवाजात मला पहिल्यांदाच घाबरलेला माणूस ऐकू आला.

"दया, हे येवढं भंगार व्हतं?"

मी पडद्यावरच्या माझ्या बुटांकडं बघत राहिलो.

"तू हे रोज कसं बघत व्हतास? मी तुला लिहिलं व्हतं की बरं नसंल तर सांग म्हणून. कामून सांगितलं न्हाईस?"

खिशातली चिठ्ठी मला टोचत होती. आणखी एक खोटं अगदी जिभेवर आलं होतं, आणि ते नेहमीसारखंच स्वच्छ आवाजात निघालं असतं. पण चिठ्ठीत लिहिलं होतं, तू कधी खोटं बोलत नाहीस. मला ते वाक्य सोसवेना.

"मी बघितलीच नव्हती, आनंद्या," मी म्हणालो. "मला वाटलं तू लेमन सेट दिलास."

"मग पाहुणे आले की काय काढत व्हतास?"

"काहीच न्हाई. तेबी खोटं. डबाच उघडला नव्हता. आत्ता मागं उघडला."

 पडद्यावर मी उसना कोट घालून पायऱ्यांवरून घसरत होतो. मला वाटलं, आता हा उठून जाईल, आणि गेला तर त्याला दोष देता येणार नाही. इतक्यात त्याचे खांदे हलायला लागले. रडतोय की काय, म्हणून मी घाबरलो. पण तो हसत होता. आधी तोंडावर हात धरून, मग हात सोडून, मग खुर्चीत मागं रेलून, मोठ्यानं. आणि लोकांना वाटलं, दिग्दर्शक स्वतः हसतोय म्हणजे ह्यात काहीतरी असणार. मागून कोणी हसलं, मग सगळी रांग, मग सगळं सभागृह. 'उसना कोट' त्या दिवशी तुफान चालली. पेपरात तसंच छापून आलं आहे.

"तेव्हा बघितली असतीस तर काय म्हटलं असतंस?" त्यानं डोळे पुसत विचारलं.

मी विचार केला. अगदी खरा विचार केला.

"दुकानावर बस म्हटलं असतं."

त्यानं माझा हात धरला आणि फिल्म संपेपर्यंत सोडला नाही.

सोमवारी त्याचं विमान नांदेडहून होतं, म्हणून तो घरी आला. व्यंकटरावही आले, त्यांना बोलवावं लागत नाही. वर्षाराणीनं तो जग घासून त्यात सरबत केलं आणि सहाही पेले भरले. आनंदराजनं पेला उजेडाकडं धरून बघितला आणि म्हणाला, "चांगला व्हता रे माझा लेमन सेट. सहाच्या सहा शाबूत हायेत."

पुढच्या महिन्यात मुदखेडला केवळाबाई मावशींच्या नातवाचं लग्न आहे. काय द्यायचं म्हणून वर्षाराणीनं काल माळा आणि फडताळ धुंडाळलं. लेमन सेट तिनं हातात घेतला आणि परत फडताळात ठेवून दिला. तो आता उघडलेला आहे, त्यामुळे कोणाला देता येत नाही.